शेवटचं बंदर

पडद्यावरची होडी थांबली, तशी विजयकुमारने मान फिरवली.

"बंद कर, यम्ना. ती पुढे जात नाही."

दुबईतल्या त्या प्रदर्शनात जुने घरगुती कॉम्प्युटर चालू करून ठेवले होते. त्यातल्या एकावर 'मीना सॉफ्टवेअर'चा एकुलता एक गेम होता. खजूर भरत भरत होडी शेवटच्या बंदरापर्यंत न्यायची. कंपनी विजयकुमार आणि जमालची, चाळीसेक वर्षांपूर्वी इथल्याच देरा भागातल्या एका खोलीत उघडलेली. विजयकुमारने गेम लिहिला, जमालने दुकानोदुकानी फिरून विकला. मग तक्रारी आल्या, होडी शेवटी अडकते. माल परत आला. विजयकुमारने जंग जंग पछाडलं, पण चूक सापडली नाही. वर्षाच्या आत कंपनी बंद पडली आणि जमाल रास अल खैमाला सिमेंटच्या कारखान्यात लागला. पुढे ईदला, दिवाळीला दोघं भेटत राहिले. गेमचा विषय मात्र कुणी काढला नाही.

आज जमालच्या कॉलेजात जाणाऱ्या नातीने, यम्नाने, दोघांना ओढून आणलं होतं.

"खलास, बेटा. चल, चहा घेऊ," जमाल म्हणाला.

"वेट, नानू. मे बी इट्स जस्ट स्लो."

मागे रांगेत थांबलेल्यांची कुरकुर सुरू झाली. विजयकुमारला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

होडी हलली. जराशी. मग सरळ धक्क्याला लागली.

विजयकुमार पडद्याकडे बघतच राहिला. "भरलेली होडी! जमाल, मी दर वेळी अर्ध्या मालावर तपासायचो. पूर्ण भरली की मशीनला गणित करायला वेळ लागतो. लोक आधीच बंद करायचे. आत्ता मीसुद्धा 'बंद कर'च म्हणालो."

"म्हणजे अडकली नव्हतीच?"

"नव्हती रे."

जमालने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी तुला कधी एका शब्दाने बोललो होतो का?"

"नाही बोललास. तेच तर लागायचं."

यम्नाने जॉयस्टिक पुढे केली. "युअर टर्न, अंकल."

विजयकुमार खुर्चीत बसला आणि त्याने पहिल्याच खडकावर होडी फोडली. जमाल इतक्या मोठ्याने हसला, की दारातला सिक्युरिटीवाला वळून बघायला लागला.

"सरक," विजयकुमार त्याला म्हणाला, "उजेड अडवू नकोस. पुन्हा खेळतो."