ट्रेमधला तुकडा

दवाखान्याच्या लिफ्टमनची महाधमनी जन्मापासूनच उलट्या बाजूला वळलेली, आणि वळणावर मोसंबीएवढा फुगा. सर्जननी तो कापून ट्रेमध्ये ठेवला, त्याच्या जागी कृत्रिम नळी शिवली, रक्त अडवणारे चिमटे सोडले. नळी निपचितच राहिली.

“मॉनिटरवर तर बहात्तर ठोके आहेत,” भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

“मग माझ्या बोटाला का लागत नाहीत?”

“तुमच्या बोटानं आजवर कुणाचं ऐकलंय, सर?” थोरल्या सिस्टर म्हणाल्या.

त्यांची मोजणी हात लावूनच व्हायची. चिमटे मोजता मोजता त्यांचा हात कापलेल्या फुग्याला लागला. तो नाडीसारखा उडत होता, मॉनिटरच्या अगदी तालावर.

“तो तुकडा फॉर्मलिनच्या बरणीत टाका, सिस्टर. तपासणीला जाऊ दे,” सर्जन म्हणाले.

सिस्टरांनी तो उचलला. बरणीचं झाकण निघताच तळहातावरचे ठोके वाढले. मॉनिटरवरचेही.