पहिला घोट

आबासाहेबांनी मटणाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि बाटलीकडे ढुंकूनही न बघता म्हणाले, "म्हणजे हे गृहस्थ दारूच गाळतात."

देवासच्या घराच्या मागच्या अंगणात अनन्या आपले आजोबा आबासाहेब आणि होणारे सासरे यांच्या मधोमध बसली होती. होणारे म्हणायचं तर आबासाहेबांचा होकार हवा, आणि तोच आठ महिने अडला होता. मुलाचं नाव लुक. आज त्याचे वडील मार्सेल स्वतः बोर्दोहून मागणी घालायला आले होते, बगलेत आपल्याच मळ्यातली लाल वाइन घेऊन.

गाळत नाहीत, आंबवतात, असं अनन्यानं अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत समजावलं. काळी द्राक्षं सालासकट आंबवायची, मग दीड वर्ष ओकच्या लाकडी पिंपात, मग बाटलीत वर्षानुवर्षं आडवी निजवायची. आबासाहेब म्हणाले, एवढे लाड तर आमच्याकडे जावयाचेही होत नाहीत.

मार्सेलनी बूच काढलं आणि आधी आपल्याच पेल्यात दोन बोटं वाइन ओतली. वास घेतला, तोंडात घोळवली, प्यायले. अनन्यानं चमकून आजोबांकडे पाहिलं. घरातलं सगळ्यांत वडील माणूस रिकामा पेला घेऊन बसलेलं, आणि पाहुणा खुशाल आधी स्वतः पितोय. बूच खराब होऊन वाइन नासली नाही ना, एवढंच ते बघत होते. पण हे आजोबांना पटणार कसं?

आबासाहेबांनी पळी खाली ठेवली.

"माझे आजे देवासच्या सरकारांच्या मुदपाकखान्यात होते," ते म्हणाले. "थाळा नेला की नेणाऱ्यानं आधी सरकारांसमोर स्वतः खायचं. यात विष नाही, निश्चिंत जेवा. आता कोण पाळतं हे? या पाहुण्या भियांनी न सांगता पाळलं. आदमी खानदानी आहे."

अनन्यानं खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, आणि शहाण्यासारखं मिटलं.

मग आबासाहेबांनीही पाहुण्यादेखत एक तुकडा आधी स्वतः खाल्ला आणि ताटं वाढली. वाइनचा पहिला घोट त्यांना कच्च्या जांभळासारखा तुरट लागला. मार्सेलनी खुणेनं सांगितलं, आधी चरबीचा तुकडा, मग घोट. तसं केलं, आणि तुरटपणा तुपासारखा वितळला. आबासाहेबांच्या भुवया वर गेल्या. इकडे तिखटानं मार्सेलचं नाक वाहत होतं, डोळे वाहत होते, पण ताट पुढे करणं काही थांबत नव्हतं. अनन्याला दोघांचाही मुका घ्यावासा वाटला.

दुसरी बाटली उघडली. मार्सेलनी सवयीनं आपला पेला जवळ ओढला, तर आबासाहेबांनी त्यावर हात ठेवला.

"यांना सांग, आता चाखायचं नाही. हे आता घरचेच झाले ना."

अनन्यानं ते शब्दन् शब्द फ्रेंचमध्ये सांगितलं.

चाळीस वर्षांत मार्सेलनी न चाखलेली बाटली कुणाला वाढली नव्हती. त्यांनी एकदा बाटलीकडे पाहिलं, आणि आबासाहेबांचा पेला काठोकाठ भरला.