दंडावरचा चुडा

करोनाची लस घेतली की माणूस मरते, या अफवेनं तांडा धास्तावला होता. उत्तमसिंगही शेळ्यांमागं रानात पळायच्या बेतात होता. त्याच्या बायकोनं, जमलीबाईनं, मात्र नर्सबाईला खोदून खोदून विचारलं, मोहफुलं वेचता वेचता विचार केला आणि आज ती पुढं येऊन बसली. पण सुई दंडात टोचायची तर दंडभर चुडा होता, आणि तो तांड्यात नवरा गेल्यावरच उतरतो. “आडोशाला मांडीत देते,” नर्सबाई म्हणाली. “आडोशातलं कोणाले दिसते?” म्हणत जमलीबाईनं एकेक बांगडी काढून नवऱ्याच्या ओंजळीत ठेवली. बायांनी तोंडाला पदर लावला. “समोर बसा,” ती त्याला म्हणाली. “तुमी जिते हाये, हेबी दिसू द्या सगळ्यायले.” सुई टोचली, निघाली. उत्तमसिंगनं चुडा परत चढवला आणि सदऱ्याची बाही वर केली. “बाई, आधी सांगा. मले शुगर हाये, चालते का?”