डॉक्टर घेत नाहीत

सर्जन इसाकोवनं पिशवी परत ढकलली, तशी शैलोबेकनं ती पुन्हा पुढं केली.

"घ्या ना, बायके," थोरल्या भावाला मारतात तशी हाक मारून तो गयावया करत म्हणाला. "पैसे नाहीत यात. उकडलेलं मांस आहे. काल मेंढा कापला. कमरेचं हाड तुमच्यासाठी राखलंय, घरात कुणाला हात लावू दिला नाही."

त्या डोंगराळ मुलखात कमरेचं हाड सगळ्यात मानाच्या पाहुण्याचं. ते नाकारणं म्हणजे यजमानाच्या उंबऱ्यावर थुंकणं.

"पोरांना खाऊ घाल जा," इसाकोव म्हणाला. "आता सगळा खर्च विमा देतो. मला काही घ्यायची बंदी आहे. उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन तुझ्या आईचं." आणि तो वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला चालता झाला.

भिंतीवर नवा कागद डकवला होता. विमा असलेल्यांना उपचार मोफत, डॉक्टरांना भेटी देऊ नयेत. खाली हसऱ्या नर्सचं चित्र. त्या दवाखान्यात हसणारी नर्स अजून कुणी पाहिली नव्हती.

शैलोबेक खोलीत शिरला. दोन खाटांची खोली. खिडकीजवळ त्याची म्हातारी आई, अनिपा, पित्ताचे खडे अडकून हळदीसारखी पिवळी पडलेली. पलीकडच्या खाटेवर ऐझादा नावाची तरुण बाई, तिचंही ऑपरेशन उद्याच. तिचा नवरा मेदेर तिला चमच्यानं चहा पाजत बसला होता.

"आई, बूट घाल. घरी जायचंय."

"काय झालं?" त्याच्या बायकोनं, बूरुलनं विचारलं.

"घेतलं नाही."

 बूरुल वाकून खाटेखालचे बूट ओढायला लागली.

आणखी विचारायचं काय त्यात? तीस वर्षं या दवाखान्यानं लोकांकडून एकच धडा घोटून घेतला होता. हातमोजे तुम्ही आणा, टाक्यांचा दोरा तुम्ही आणा, भुलीचं औषध बाजारातून आणा, आणि सर्जनचे हात ओले करा. जो रोगी जगायचा नसतो, त्याच्या घरच्यांकडून मात्र डॉक्टर काही घेत नाहीत. उद्या मढं नेताना घरच्यांनी गळा धरला तर? शैलोबेकच्या चुलत्याच्या वेळीही घेतलं नव्हतं. चुलत्याचं मढं नमद्याच्या लोकरी घोंगडीत गुंडाळून नेलं. आता राजधानीतल्या साहेबांनी एका सहीनं सगळं फुकट करून टाकलं. जुना धडा लोकांच्या डोक्यातून कोण पुसणार, हे त्यांच्या बापालाही सुचलं नाही.

"पण भिंतीवर तर लिहिलंय," बूट चढवता चढवता बूरुल पुटपुटली.

"भिंतीवर आधी लेनिनही होता! फुकट ते पौष्टिक म्हणे. फुकटात कोण कुणाचं पोट दुरुस्त करतं? नुसतं उघडतील, शिवतील आणि विम्याकडून पैसे उपटतील."

"मला कुणी विचारणार आहे का?" अनिपा कण्हत म्हणाली. "मरायचं तर घरी मरू, नाहीतर इथं मरू, पण ओरडू नका. आणि ती पिशवी खिडकीत ठेवा, मांस नासेल."

नर्सनं हाक मारून आणलेला इसाकोव दारात उभा राहिला.

"डोकं फिरलंय का तुझं? हिची नळी तुंबलीय. आज नेलीस तर आठवडा काढायची नाही ही."

"मग घेतलं का नाहीत?"

"अरे गाढवा, माझी नोकरी जाईल!"

"इतकी वर्षं नाही गेली ती." शैलोबेकनं मान वर केली नाही. "बरी होणार असती तर घेतलं असतंत. मला फसवू नका, बायके. खिंड अजून उघडी आहे. बर्फानं रस्ता बंद व्हायच्या आत तिला तिच्या अंगणात पोचवतो. तेवढं तरी करू द्या."

इसाकोवनं म्हातारीकडे पाहिलं. एका पायात बूट चढला होता, दुसरा बूरुलच्या हातात होता. त्यानं मागं वळून वॉर्डात कोण आहे ते बघितलं आणि दार लावून घेतलं.

"आण इकडं."

पिशवी त्यानं जवळजवळ हिसकावलीच. हाड काढलं, उभ्या उभ्या दातानं मांसाचा लचका तोडला आणि कडू गोळी चघळावी तसा चघळून गिळला. उरलेलं गुंडाळून पांढऱ्या कोटाआड धरलं. चरबीचा डाग कोटावर पसरत गेला.

"झालं समाधान? उतरवा तो बूट."

शैलोबेक गुडघ्यावर बसला. आईच्या पायातला बूट ओढून काढताना त्याच्या तोंडावर रक्त परतलं होतं.

"आई, घेतलं गं! घेतलं त्यांनी!"

बूरुलनं दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले आणि दुवा संपवताना म्हणतात तसं 'ओमिन' म्हणाली. अनिपानं नुसते डोळे मिटले.

इसाकोवनं दाराच्या मुठीवर हात ठेवला. पलीकडच्या खाटेजवळ चमचा खाली पडला, पण तो उचलायला कुणी वाकलं नाही. ऐझादानं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. ती डॉक्टरकडे नव्हे, नवऱ्याकडे बघत होती.

मेदेर उठून उभा राहिला.

"डॉक्टर," तो हळूच म्हणाला, "आमची पिशवी काल परत केलीत."