चर्चच्या हॉलसाठी हरताना

“हरायचं. पण मनापासून भांडतोयस असं वाटलं पाहिजे,” सुहासिनीकाकूंनी चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये सिद्धेशला शेवटचं बजावलं. काकू अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्या गाडीच्या डिकीत ब्लँकेटांत गुंडाळलेला गणपती होता आणि शनिवारी चतुर्थी होती. चर्चच्या तळघरातला हॉल सोडला तर गावात जागा नव्हती. तो द्यायचा की नाही, हे चर्चची ज्येष्ठ मंडळी आजचा वादविवाद झाला की ठरवणार होती.

वादविवादाची टूम पास्टर हॉफमन यांची. २००४ हे निवडणुकीचं साल, त्यामुळे विषयही तसाच तापलेला: या देशाची मूलतत्त्वं ख्रिस्ती धर्मातून आली आहेत का? ‘हो’ म्हणायला पास्टर होते. ‘नाही’ म्हणायला चर्चमध्ये कुणी धजेना, म्हणून त्यांनी मराठी मंडळाकडे माणूस मागितला. मंडळाने सिद्धेश दिला. पुण्यात त्याने इतके करंडक मारले होते की आईने त्यातल्या एकात कोथिंबीर लावली होती.

“यजमानाला त्याच्याच घरात हरवायचं आणि वर हॉल मागायचा? बरं दिसतं का ते?” काकूंचं म्हणणं मंडळाच्या सगळ्या कमिटीला पटलं होतं.

पास्टर बोलायला उभे राहिले आणि गडी भलताच ढिला निघाला. “खरं सांगायचं तर,” त्यांनी सुरुवात केली, “आपल्या राज्यघटनेत येशूचं नाव एकदाही येत नाही.” एवढं बोलून ते सिद्धेशकडे आशेने बघत बसले.

सिद्धेश हादरला. असल्या माणसापुढे हरायचं तरी कसं? त्यांची बाजूही आता आपल्यालाच लढवावी लागणार, हे त्याने ओळखलं.

“नाव येईलच कसं?” तो उठला. “आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. शेजारीण घेईल, पोस्टमन घेईल, बायको घेणार नाही. म्हणून काय तिला नवरा नाही? कुंकू त्याच्याच नावाचं असतं! तुमची घटना अशी पतिव्रता आहे.”

पहिल्या रांगेतल्या मिसेस क्लाइननी डोळ्यांना रुमाल लावला.

“पण सरकारी पदाला धर्माची अट नाही, असं तीत स्पष्ट लिहिलंय!” पास्टर जवळजवळ ओरडलेच.

“घरच्या माणसाला दारात कुणी ‘आपण कोण’ विचारतं का?” सिद्धेश म्हणाला.

हॉलभर टाळ्या पडल्या. मागच्या खुर्चीवरून काकूंनी थर्मास उंचावला. पास्टर घामाने डबडबले होते. सिद्धेशला त्यांची दया आली, म्हणून त्याने त्यांच्या बाजूने आणखी दोन मुद्दे मांडले.

मग सगळ्यांत वयस्क सभासद, मिस्टर क्लाइन, काठी टेकत उभे राहिले. “आम्ही अलीकडे जरा सैल पडलो होतो. या मुलाने डोळे उघडले. ख्रिस्ती राष्ट्र म्हणणाऱ्यांनी हात वर करा.”

सगळे हात वर गेले. सिद्धेश रीतसर, दणदणीत हरला. काकूंनी लगबगीने गाडीची किल्ली बाहेर काढली.

“हात वर आहेत तोवर दुसरा विषयही उरकू,” क्लाइन म्हणाले. “ख्रिस्ती राष्ट्रातल्या चर्चमध्ये मूर्ती बसवायची? नाही ना?”

एकही हात खाली आला नाही. मिसेस क्लाइननी तर दोन्ही वर केले.

पास्टर सिद्धेशच्या शेजारच्या खुर्चीत मटकन बसले. “तू जिंकलास तर हॉल द्यायचा,” ते हळूच म्हणाले, “एवढं या म्हाताऱ्यांकडून कबूल करून घेता घेता माझा उन्हाळा गेला. म्हणून तर मंडळाला म्हटलं होतं, तुमच्यातला सगळ्यांत चांगला बोलणारा पाठवा.”