गल्लीची मंजुरी

शालूबाईनं शेगडीचं बटण फिरवून काडी ओढली. एक पिवळी ज्योत वर आली, लवलवली आणि विझली. दुसरी काडी ओढली, तिसरी ओढली. तेवढीही ज्योत पुन्हा दिसेना.

बेळगावचे साहेब निपाणीहून निघाल्याचा फोन येऊन गेला होता. सरकारी योजनेची रीत अशी, की आधी गल्लीत एका घरी शेणाच्या गॅसची टाकी बांधायची, ती नीट चालते का बघायचं आणि मगच बाकीच्या घरांना मंजुरी द्यायची. ते एक घर शालूबाईचं. "माझ्याच दारात बांधा," म्हणून तीच सगळ्यांच्या पुढं नाचली होती. आता गल्लीतल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून तिच्या अंगणात बसल्या होत्या, आणि आत शेगडी थंड पडली होती.

"रूपाली, टाकीत शेण घातलंस न्हवं?"

"घातलं की, आत्या. रोजच्यापरास जास्तच घातलं," सून म्हणाली. "दोन दिस झालं, गोठा धुतल्यालं पाणीबी त्यातच सोडलंय."

"कसलं पाणी?"

"फिनेलचं. तुम्हीच म्हणलासा न्हवं, सायब येणार, गोठा लख्ख दिसला पायजे म्हणून."

शालूबाईनं काडेपेटी ओट्यावर ठेवली. घरी पाव्हणा येणार म्हटल्यावर झाडून-पुसून घेतल्याशिवाय तिला चैन पडत नसे, आणि हा तर सरकारी पाव्हणा. फिनेलची बाटली तिनंच निपाणीच्या बाजारातून आणली होती. टाकी बांधून झाल्यावर मिस्त्रीनं बजावलेलं तिला आत्ता आठवलं. आत डोळ्याला न दिसणारे जीव असतात, ते जगले तरच गॅस. साबण, औषध, फिनेल, काही म्हणजे काही आत जाऊ द्यायचं नाही. सुनेवर ओरडायची सोयही उरली नव्हती.

जीप दारात थांबली. साहेब गोठ्यात शिरले आणि नाकाला लावायला काढलेला रुमाल त्यांनी तसाच परत खिशात घातला.

"एवढा स्वच्छ गोठा मी अख्ख्या तालुक्यात बघितला नाही," असं म्हणून त्यांनी म्हशीसकट फोटो काढले.

शेजारच्या नागुबाईनं शालूबाईचा पदर धरून तिला बाजूला ओढलं. "आक्का, फिनेल कुठलं आणलंस गं? माझी टाकी झाली की मी बी मारणार. सायब लई खूस झालाय बघ."

"टाकीत सोडणार?"

"मग काय, त्यातच. समद्याजणी तेच म्हणाय लागल्यात."

शालूबाईनं पदर सोडवून घेतला. खरं सांगावं तर गल्लीची मंजुरी जाते. गप्प बसावं तर मंजुरी मिळूनही एकेक टाकी अशीच मरणार. खरं म्हणजे साहेबांची तिला तेवढी भीती नव्हती. भीती होती ती उद्यापासून तोंडं फिरवून जाणाऱ्या या बायकांची. त्यांच्याशिवाय तिचा दिवस कधी उजाडला नव्हता.

"हं, आता शेगडी पेटवा," साहेब स्वयंपाकघराच्या दारात मोबाइल धरून उभे राहिले.

शालूबाईनं काडेपेटी हातात घेतली आणि परत खाली ठेवली.

"पेटत न्हाय, सायब. गोठा फिनेलनं धुतला, ते पाणी टाकीत गेलं. टाकी मीच मारली." मग अंगणाकडं वळून ती ओरडलीच, "ऐकलासा काय गं? फिनेल आत सोडायचं न्हाय. कुणीबी न्हाय!"

साहेब आता खेकसणार, असं तिला वाटलं होतं. पण ते खेकसले नाहीत. त्यांचा चेहरा पार उतरला.

"टाकी होईल हो पुन्हा चालू," ते म्हणाले. "आतला शेण-पाण्याचा काला उपसा, ताजं शेण घाला, थोडे दिवस थांबा. त्याचं काही नाही. पण पेटलेल्या शेगडीचा फोटो आजच वर गेला पाहिजे. नाहीतर तुमची गल्ली गेली, आणि वर मलाही जाब द्यावा लागेल."

"होत्तात्री, सर," ड्रायव्हरनं दारातून कानडीत उशीर होत असल्याची आठवण करून दिली.

साहेबांनी एकदा अंगणाकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "मावशी, घरात सिलिंडर आहे का?"

"न्हाय. टाकी आली तवाच लेकीला देऊन टाकला."

तशी दाराशीच बसलेली नागुबाई साडी झटकत उठली.

"माझ्याकडं हाय. शेगडीसकट आणतो."

तिच्या मागोमाग दोघी-तिघी उठल्या. थोड्याच वेळात गल्लीतून सिलिंडर गडगडत येऊ लागला. नागुबाई वाकून तो लोळवत होती, मागं एकीच्या डोक्यावर शेगडी होती आणि बाकीच्या बाजूनं "हळू गं, हळू" म्हणत चालल्या होत्या. शालूबाईनं आपली थंड शेगडी ओट्यावरून उचलली आणि पदरानं ओटा पुसून जागा करून दिली.