दर शनिवारी एक अट

"या वेळी वय थोडं जास्त असलं तरी चालेल," कौस्तुभ म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढून बसला.

मेधानं कॉम्प्युटरवरची जुनी अट खोडून नवी घातली. प्रिंटर करकरत सुरू झाला. खाली चिक्कडपल्लीच्या बाजारात रिक्षावाल्यांची हुज्जत चालली होती आणि वर या दोन खोल्यांत तिचं वधूवर केंद्र होतं. त्या दिवसांत हैदराबादेत जो तो कॉम्प्युटरचं काहीतरी काढत होता. मेधानं सरकारी नोकरीवर पाणी सोडून हे काढलं, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. गिऱ्हाइकानं अटी सांगायच्या, मशीननं नावं काढून द्यायची, एवढा साधा कारभार.

भांडवल एकनाथरावांचं. तारनाक्याचे हे निवृत्त वकील तिच्या वडिलांचे मित्र. शहरातल्या मराठी घरांत त्यांची ऊठबस, त्यामुळे मुलींची झाडून सगळी नावं त्यांनीच घरोघर हिंडून आणून दिली होती. पण कोर्टातला स्वभाव काही सुटला नव्हता.

"नावं किती झाली ते मला नक्को सांगू, बेटा," ते म्हणाले होते. "नावं तर मीच आणली. मशीनला माणसाची मागणी कळते का, तू रोज काही नवं शिकतेस का, ते दाखव. तुळशीच्या लग्नापर्यंत बघतो. नाही जमलं तर कुलूप लावू, हौ?"

आता हे मोजायचं कसं? लग्न जमलेलं गिऱ्हाईक पेढे ठेवून जायचं ते पुन्हा फिरकायचं नाही. न जमलेलं तर जिन्यावरूनच बोटं मोडत जायचं. परत परत येणारा एकटा कौस्तुभ. मूळचा पुण्याचा, सिकंदराबादला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. दर शनिवारी तो नेमकी एक अट बदलायचा.

वयानंतर त्यानं पत्रिकेची अट काढून टाकली. मग पुण्याचीच मुलगी हवी हा हट्टही सोडला. हैदराबादची असली तर उलट बरंच, म्हणाला. छापलेली नावं तो एकेक करून वाचायचा, मान डोलवायचा आणि कागद टेबलावरच ठेवून उठायचा. पत्ता मागायचा नाही की फोटो बघायचा नाही.

"कुणीच पसंत नाही?" तिनं एकदा विचारलं.

"नावं अगदी बरोबर आहेत," तो हसून म्हणाला. "पुढच्या शनिवारी येतो."

मेधाची तिशी उलटून गेली होती. मंगळाची पत्रिका आजवर प्रत्येक ठिकाणी आडवी आली होती. पत्रिका नको म्हणणारा, वयाला नाक न मुरडणारा माणूस समोर बसून चहा पितो, याचा अर्थ लावायला तिला मशीन लागत नव्हतं. शनिवारी ती आता ठेवणीतली साडी नेसायची. बाकीचा आठवडा जिन्यावर पाऊल वाजलं की उगाच दाराकडे बघायची आणि दुसरंच कुणी दिसलं की तिचा जीव खट्टू व्हायचा.

"काय शिकलीस?" एकनाथरावांनी मध्येच येऊन विचारलं.

"एक माणूस मला कळायला लागलाय, काका."

"अच्छा?" ते मिशीत हसले.

"पुढच्या वेळी शेवटची अट," त्या शनिवारी निघताना कौस्तुभ म्हणाला. "स्वतःचा धंदा चालवणारी मुलगी हवी."

तो गेल्यावर मेधानं दार लोटून घेतलं. दुसऱ्यांची नावं घालता घालता बोटं झिजली, आपलं नाव घालायला लाज कसली? तिनं कॉम्प्युटर सुरू केला आणि वय, शिक्षण, गाव, व्यवसाय, सगळं खरं खरं भरलं.

तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं. कौस्तुभ ठरल्या वेळी आला. अट घातली. प्रिंटर एकदाच करकरला आणि थांबला. कागदावर एकच नाव होतं. मेधानं कागद काढून छातीशी धरला.

"थांबा, आधी माझं ऐका," तोही जरा अवघडला होता. "इतके दिवस बोलता येत नव्हतं."

"बोला ना," ती म्हणाली.

"मी एकनाथरावांचा भाडेकरू. बायको आणि मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. दर वेळी एकच अट बदल आणि मशीन चुकतं का बघ, असं त्यांनीच सांगून पाठवलं होतं. एकदाही चुकलं नाही हो! आजची शेवटची परीक्षा. स्वतःचा धंदा करणारी एकही मुलगी त्यांनी नोंदवलेली नाही, म्हणजे कुणाचंच नाव यायला नको. एवढं जमलं की केंद्र चालू ठेवायचं, असं ठरलंय." त्यानं हसत हात पुढे केला. "दाखवा बघू. कोराच आहे ना?"